नकाशाची बायको

रुग्णालयाच्या शिवणखात्यात तिला सगळे ‘कात्री’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तळघरातल्या लांबट खोलीत चार मशीनवर चौघीजणी बसत. हिरवे गाऊन, चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनच्या वेळी रुग्णावर पसरायची मधोमध भोक असलेली कापडं, सगळं तिथंच शिवलं जाई. ते भोक कापायचं काम तिचं. तिच्या हातचं भोक वाटीच्या काठासारखं गोल यायचं. तिच्या तोंडात सापडलेला माणूसही तसाच निघायचा, स्वच्छ कापलेला, एक धागा लोंबत नसलेला.

नवरा त्याच आवारातल्या वैद्यकीय कॉलेजात, शरीररचना विभागात शिपाई होता. शिपाई आपला नावाला. त्याचं खरं काम होतं वर्गात उघडं उभं राहायचं. आतला कुठला अवयव बाहेरून कुठे येतो हे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायला जिवंत अंग लागतं, आणि हा माणूस असा सडसडीत की बरगडी न् बरगडी दिसावी, खांद्याची हाडं हाताला लागावीत. मोठे सर, म्हणजे विभागाचे प्रमुख, त्याला लाकडी स्टुलावर उभं करत आणि रंगीत पेन्सिलींनी त्याच्या अंगावर काढत सुटत. फुफ्फुसं निळी, यकृत तपकिरी, हृदय लाल. “वळा,” म्हटलं की हा वळायचा. “श्वास धरा,” म्हटलं की धरायचा. सगळा वर्ग टक लावून बघायचा.

संध्याकाळी तो गळ्यापर्यंत बटणं लावून घरी यायचा. मग न्हाणीच्या उंबऱ्याशी त्याला पाटावर बसवून ती कापडाचा बोळा तेलात बुडवायची आणि ते सगळं पुसून काढायची. बाजारातून काय आणलं असं विचारावं तसं ती विचारायची, “आज काय काय घेऊन आलात?”

“यकृत आहे. मोठं आतडं आहे. पाठीवर मूत्रपिंडं आहेत बघ.”

“हे आतडं जाता जात नाही हो. सरांनी पेन्सिल बदलली वाटतं.”

पुसता पुसता दिवसभराचं बोलणं व्हायचं. तिच्या खात्यातली भांडणं, त्याच्या विभागातल्या गमती, लेकीचं पडसं. तो गुदगुल्यांनी आक्रसायचा, ती दरडावायची. याला प्रेम म्हणतात असं कुणी तिला सांगितलं असतं तर तिनं त्याला उभा चिरला असता. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावरही संध्याकाळी घाई करून घरी जायची ती, हे खात्यातल्या बायकांनी पाहिलेलं होतं.

मग कॉलेजात प्लॅस्टिकचं धड आलं. छातीचं झाकण काढलं की आतले अवयव एकेक उचलून हातात घेता येत, परत बसवता येत. मुलं त्याच्याभोवती गोळा झाली. मोठे सर हसत हसत म्हणाले, “याच्यावर चित्र काढत बसावं लागत नाही, अर्धा तास वाचतो.” सर मनाचे चांगले होते, बोलून विसरून गेले. नवरा मात्र ते विसरला नाही. स्टुलावरून एकदा उतरलं की उरतं काय, फळा पुसायचा आणि पाण्याचे जग भरायचे. स्टुलावर तो कुणीतरी होता.

त्याची ही भीती त्यानं बायकोला सांगायला हवी होती. ती त्यानं सांगितली अर्ध्या डॉक्टरला.

अर्धा डॉक्टर म्हणजे याच कॉलेजातून तिसऱ्या वर्षी बाहेर पडलेला तरुण. हात सोन्यासारखा, पण अभ्यासात मन रमेना. त्यानं कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर टॅटूचं दुकान थाटलं होतं. फुलं, पक्षी, बदाम तो काढत नसे. वैद्यकीय पुस्तकांत असतात तशी चित्रं माणसांच्या अंगावर काढणं हे त्याचं वैशिष्ट्य. कुणाच्या पाठीवर मणका, कुणाच्या हाताच्या पंज्यावर पंज्याचीच हाडं, कुणाच्या छातीवर खऱ्याखुऱ्या रक्तवाहिन्यांचं हृदय. लोक लांबून येत. त्याला एक मोठं काम करून दाखवायचं होतं आणि त्यासाठी एक मोठं अंग हवं होतं.

“काका, तुम्ही स्वतःच चित्र होऊन जा ना,” तो म्हणाला. “उजवी अर्धी बाजू मी करतो. कातडी काढल्यावर स्नायू दिसतात तशी. एक छदाम घेणार नाही. मग त्या प्लॅस्टिकला विचारतो कोण?”

नवऱ्याला ते पटलं. पटलं म्हणजे इतकं की पुढचे काही महिने तो कॉलेजात जादा काम आहे असं सांगून मागच्या फाटकानं दुकानात जाऊन झोपत राहिला आणि मशीनची सुई सोसत राहिला.

घरी पाटावर बसणं बंद झालं. सर हल्ली काढत नाहीत, असं त्यानं सांगितलं. अंगाला काहीतरी उठलंय म्हणून लांब बाह्यांचा बनियन घालून झोपायला लागला. पण तिचं आयुष्य रुग्णालयाच्या कापडात गेलेलं. रक्ताचा डाग, औषधाचा डाग, जखमेच्या पाण्याचा डाग, सगळे ती लांबून ओळखायची. एका रविवारी सकाळी अंथरूण आवरताना चादरीवर तिला जो डाग दिसला, तो यातला कुठलाच नव्हता. लालसर, कडेनं काळा.

लेक शेजारी खेळायला गेली होती. नवरा खिडकीशी चहा पीत होता.

“बनियन काढा,” ती म्हणाली.

“सर्दी झालीय गं.”

“काढा म्हणते ना.”

त्यानं कप ठेवला आणि बनियन काढला. काढताना जरासा हसलाही, बक्षीस दाखवणाऱ्या मुलासारखा.

गळ्यापासून कमरेपर्यंत आणि खांद्यापासून मनगटापर्यंत त्याच्या उजव्या अंगावर कातडीच नव्हती. खांद्याचा स्नायू पंख्यासारखा पसरलेला, छातीवर लाल तंतू ताणून बसवलेले, त्याखाली बरगड्यांवर करवतीचे दात, हाताच्या दोऱ्या पांढऱ्याफटक. सोलून ठेवलेला माणूस. आणि डावीकडे नेहमीचा नवरा, काखेखालच्या तिळासकट. छातीच्या बरोब्बर मधून दोघांची हद्द गेली होती. ती रेघ फुटपट्टीनं आखावी तशी सरळ होती, हेच तिच्या डोळ्यांनी सगळ्यात आधी टिपलं. तेवढ्यासाठी पुढे कितीतरी दिवस ती स्वतःवरच चिडत राहिली.

“हे कधी जाईल?” तिनं विचारलं.

“जायचं नाही हे. कायमचं आहे.”

“कुणाला विचारून केलंत?”

“विचारायचं काय त्यात? अंग माझं आहे.”

“आणि माझं काय?”

“तुझं काय?” तो म्हणाला.

त्याला काही वाईट म्हणायचं नव्हतं. त्याला खरोखरच कळलं नव्हतं की यात तिचं काय. पण ते दोन शब्द त्या खोलीत जे येऊन बसले ते उठले नाहीत. ती चादर गोळा करून न्हाणीत गेली आणि नळ मोठा सोडला.

दुसऱ्या दिवसापासून घरात लढाई सुरू झाली. पलंगावरच्या जागा बदलल्या. त्यानं भिंतीकडे उजवी बाजू करून झोपायचं, नाहीतर खाली. जेवायला वाढताना ती डावीकडूनच वाढायची. उजवा हात टेबलावर पुढे आला की, “तुमचा तो कसाईखाना मागे घ्या आधी,” म्हणून ताट उचलून धरायची. त्यानं डाव्या हातानं जेवायला सुरुवात केली, मुद्दाम सांडत. मग तो घरात उघडाच वावरायला लागला. त्या उजव्या अंगाला मलम चोळून चकाकी आणायचा आणि खिडकीत जाऊन उभा राहायचा. समोरच्या घरातलं पोर किंचाळलं, त्याच्या आईनं पडदा ओढून घेतला, आणि कात्रीला जिन्यात चार शब्द ऐकावे लागले. त्या चाराचे तिनं चाळीस करून परत दिले, पण घरी आल्यावर नवऱ्याशी आठवडाभर अक्षर बोलली नाही.

तिला सगळ्यात जास्त झोंबलं ते लेकीचं वागणं. पोर घाबरेल, रडेल, मग याची मान खाली जाईल, असा तिचा हिशेब होता. पोरगी जराही घाबरली नाही. बापाच्या उजव्या बाजूला बसून ती बोटानं एकेक स्नायू गिरवायची आणि तो तिला नावं सांगायचा. “हा दोन डोक्यांचा. हा तीन डोक्यांचा.” दोघं खिदळायची. स्वयंपाकघरात आई भांडी अशी आपटायची की शेजारचे भिंत ठोकत.

कॉलेजात मात्र त्याची चलती झाली. तो स्टुलावर चढून शर्ट काढायचा तेव्हा टाळ्या पडत. हात वाकवला की मुलांना रंगवलेल्या स्नायूखाली खरा स्नायू फुगताना दिसायचा. प्लॅस्टिकचं धड कोपऱ्यात गेलं, त्यावर कुणीतरी टोपी अडकवून ठेवली. मुलांनीच त्याला ‘नकाशा’ हे नाव दिलं, आणि ते मोबाइलांवरून फोटोंसकट रुग्णालयात उतरलं. खात्यातली एकजण एकदा म्हणाली, “अगं, तुझ्या नवऱ्याचा फोटो माझ्या भावाकडे आलाय. काय ते मांस!” त्या दिवसापासून पलीकडच्या धुलाईखान्यातले लोक तिला ‘नकाशाची बायको’ म्हणू लागले. ‘कात्री’ हे नाव तिनं स्वतःच्या जिभेवर कमावलं होतं. हे दुसरं तिच्या गळ्यात कुणी अडकवलं ते तिला पक्कं माहीत होतं.

मग मोठे सर निवृत्त झाले आणि विभागात नव्या मॅडम आल्या. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या, पण बोललेलं परत न घेणाऱ्या. त्यांनी एक तास पाहिला आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतः जिना उतरून शिवणखात्यात आल्या.

“एक शर्ट शिवून हवाय,” त्या म्हणाल्या. “अर्धा.”

चारही मशीनं थांबली.

“अर्धा म्हणजे कसा, मॅडम?” तिनं विचारलं.

“उजवी बाजू आणि उजवा हात पूर्ण झाकणारा. डावी बाजू मोकळी. आमच्याकडे एक माणूस आहे, त्यानं अंगावर काहीतरी काढून घेतलंय. साध्या कातडीकडे बघून खाली काय असेल ते मुलांनी ओळखायचं असतं, तेच तर शिकायचं. या माणसाच्या अंगावर उत्तरंच छापलेली. त्याला समोर उभा करून मी परीक्षा कशाची घेऊ?”

“खरं आहे,” ती म्हणाली.

“चित्र सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण वर्ग आहे तो, सर्कस नाही. मापाला पाठवू का त्याला तुमच्याकडे?”

“नको,” ती म्हणाली. “माप आहे माझ्याकडे.”

बाकीच्या तिघींनी आपापल्या चादरींत तोंडं खुपसली. मॅडमना काय झालं ते कळलं नाही. त्या आभार मानून निघून गेल्या.

शर्ट तिनं स्ट्रेचरच्या कापडाचा शिवला. ते कापड खरखरीत, ताठ, माणूस उचलून न्यायला बनवलेलं. काखेतली शिवण तिनं आतून दुमडली नाही, कापलेली कडा तशीच ठेवली, आणि वरून जाड दोऱ्याची दुहेरी टीप घातली. नवऱ्याच्या उजव्या खांद्याचा उतार डाव्यापेक्षा जरा जास्त आहे हे तिला माहीत होतं. तिथं तिनं कापड तेवढंच कमी दिलं. हातून वाईट काम होऊ द्यायचं नाही अशी तिची ख्याती. जन्मात मुद्दाम वाईट शिवलेलं तेवढं एकच कापड, आणि तेही तिनं अतिशय मन लावून शिवलं.

कॉलेजात नवऱ्यानं पुडकं उघडलं, शर्ट उलटा केला आणि काखेतली शिवण बघितली. टीप कुणाची ते ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. त्यानं तो घातला. ते सबंध सत्र त्यानं तो घातला. काख सोलवटून निघाली, लाल झाली, आणि ती लाली चित्रातल्या लालीपेक्षा वेगळी दिसू लागली. संध्याकाळी तिच्यासमोरच बसून तो हात वर करून पावडर मारायचा.

“बरा बसतोय का?” ती विचारायची.

“छान बसतोय.”

“कुठे टोचत वगैरे नाही ना?”

“लोण्यासारखा आहे.”

दोघांपैकी कुणीही एक पाऊल मागे घेतलं नाही. मॅडम आता त्याच्या डाव्या बाजूवर पेन्सिलींनी काढत. ते घेऊन तो घरी येई, न्हाणीचं दार लावून घेई, आणि आतून दगडानं अंग खरवडल्याचा आवाज येई. त्यानं तिला हाक मारली नाही. तीही उठली नाही. पण तो आवाज थांबेपर्यंत तिच्या हातातली भाजी निवडून होत नसे.

पुढच्या वर्षी अर्धा डॉक्टर त्याला टॅटूंच्या एका मोठ्या प्रदर्शनाला परगावी घेऊन गेला. तिथं नवऱ्याला व्यासपीठावर तासन् तास गरागरा फिरवलं आणि पहिलं बक्षीस अर्ध्या डॉक्टरला मिळालं. नवरा सुजलेले पाय आणि गळ्यात अडकवायचं प्रवेशाचं कार्ड घेऊन परत आला. ते कार्ड त्यानं आरशाला लटकवलं. तिनं ते उचलून बुटांच्या खोक्यात टाकलं. त्यानं परत लटकवलं.

काही दिवसांनी ती कामावरून मागच्या फाटकानं बाहेर पडली आणि दुकानाच्या काचेत नवरा दिसला. पुरुषभर उंचीचा फोटो, उजवी बाजू पुढे. एकाच घरात राहूनही तिनं ती बाजू कधी नीट पाहिलीच नव्हती. आता रस्त्यात उभं राहून पाहिली. काम बारीक होतं, एकेक तंतू वेगळा. नजर खाली कमरेशी आली आणि तिथं थांबली. पँटच्या पट्ट्याच्या वर, चित्र संपतं तिथं, वळणदार अक्षरांत अर्ध्या डॉक्टरची सही होती.

ती तशीच आत गेली. अर्धा डॉक्टर हातमोजे घालून कुणाच्या तरी पोटरीवर वाकला होता.

“माझ्या नवऱ्याच्या कमरेवर तुझं नाव आहे,” ती म्हणाली.

त्यानं सुई बंद केली. “काकू, बसा ना. ती सही आहे. चित्रकार चित्राखाली करतो ती.”

“चित्राखाली कर. माझ्या घरात रोज रात्री तुझं नाव पलंगावर झोपतं, हे मला आज कळतंय.”

“पण काम माझं आहे, काकू. महिनेच्या महिने लागलेत.”

“तुझे महिने गेले. आमची वर्षं जातायत. ते नाव काढ.”

“काढता येत नाही. आणि काका म्हणत असतील तर बघू. अंग त्यांचं आहे.”

तिची तळपायाची आग मस्तकात गेली. हेच वाक्य तिनं एकदा घरात ऐकलं होतं, आणि आता ते परक्याच्या तोंडून परत आलं. ती बाहेर पडली.

पण लांब गेली नाही. दुसऱ्या दिवशी सुटी झाल्यावर ती दुकानासमोरच्या पदपथावर येऊन उभी राहिली, काखेत पिशवी, पायात कामावरच्या चपला. कुणी दाराशी आलं की ती प्रेमानं सांगायची, “जा, आत जा. हात चांगलाय त्याचा. फक्त खाली तो आपलं नाव टाकतो, ते तेवढं बघून घ्या. आणि घरी विचारलंय ना? नाही म्हणजे, मी याची बायको आहे.” असं म्हणून ती काचेतल्या फोटोकडे बोट दाखवायची. गिऱ्हाईक फोटोकडे बघायचं, तिच्याकडे बघायचं, आणि परत कधीतरी येतो म्हणून चालू पडायचं. अर्ध्या डॉक्टरनं हात जोडले, चहा पाठवला, पोलिसांना बोलावीन म्हणाला. चहा ती प्यायली. पोलिसांनाही हेच सांगीन म्हणाली. ती ओरडत नव्हती, रस्ता अडवत नव्हती. रोज येत होती, एवढंच.

शेवटी अर्धा डॉक्टर शरण आला. नवऱ्याला त्यानं निरोप धाडला की रंग जरा फिका पडलाय, उजळून देतो. नवरा खुशीत गेला, कमरेवर पट्टी घेऊन आला. पट्टी सुटली त्या दिवशी तो आरशात वळून बघायला लागला. सहीच्या जागी आता काळाभोर पट्टा होता, स्नायूच्या सावलीसारखा ओढलेला.

“हे काय?” तो ओरडला. “सही कुठंय?”

“गेली,” ती इस्त्री करत म्हणाली.

“गेली म्हणजे? प्रदर्शनात सहीसकट बक्षीस मिळालंय! कुणी सांगितलं त्याला?”

“मी.”

“तू? माझ्या अंगावर? मला विचारलंस तू?”

तिनं इस्त्री उभी केली. हा प्रश्न त्याच्या तोंडून यावा म्हणून ती किती काळ थांबली होती, ते तिचं तिलाच माहीत.

“नाही विचारलं,” ती म्हणाली. “कसं वाटतं रे?”

आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला ‘अरे’ केलं. मग त्यानं शर्ट घातला आणि सगळी बटणं लावून बाहेर निघून गेला. त्यानंतर घरात जे बोलणं बंद झालं ते थेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. काही हवं असलं की दोघं लेकीला सांगत आणि लेक दोन्हीकडे निरोप पोचवत, “तुमची तुम्ही बोला ना,” म्हणून कावायची.

वर्षं गेली. लेक मोठी झाली, शिकायला दुसऱ्या गावी वसतिगृहात राहायला गेली. घरात निरोप्या उरला नाही, म्हणून नाइलाजानं कामापुरतं बोलणं सुरू झालं. नवऱ्याचं पोट सुटलं. छातीवरचे तंतू रुंदावले, करवतीचे दात बोथटले, पोटावरचे चौकोन ओघळून उशांसारखे झाले. मॅडमनी वर्गात मोठा पडदा बसवून घेतला आणि स्टूल काढून टाकलं. नकाशाची बदली धुलाईखान्यात झाली. धुतलेल्या कापडांची ढकलगाडी घेऊन तो आता रोज शिवणखात्याच्या दाराशी यायचा. तिथं ती मुख्य झाली होती. फाटकं काय, उसवलेलं काय, ते ती बघून घ्यायची आणि बोट दाखवून त्याला गाडी वळवायला सांगायची.

अशात त्याच्या डोक्यात डाव्या बाजूचं आलं. कॉलेजला आता ती नकोच होती, मग मोकळी ठेवायची कशाला? उजवीकडे स्नायू आहेत, डावीकडे हाडं करून घ्यावीत. एका दुपारी तो अर्ध्या डॉक्टरकडे गेला आणि अर्ध्या तासात परत आला. ती स्वयंपाकघरात डबे पुसत होती. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

“तो हात लावायला तयार नाही,” तो म्हणाला.

“कोण? कशाला?”

“डाव्या बाजूला. म्हणाला, आधी काकूंना विचारून या, मगच सुई उचलतो. हसत होता मेला. दुकानात दोन माणसं होती, ती पण हसली.”

“मग?”

“मग काय. आलो विचारायला.”

तिनं फडकं खाली ठेवलं. खुर्ची ओढून बसली, त्यालाही समोर बसायची खूण केली.

“विचारा,” ती म्हणाली.

“आता विचारलं की.”

“असं नाही. नीट विचारा. काय करायचंय, कुठं करायचंय, का करायचंय.”

त्याचा चेहरा लाल झाला. उठून जावं असं त्याला वाटलं असणार, कारण खुर्ची मागे सरकली होती. पण तो बसला. शर्टाची बटणं काढून त्यानं डाव्या अंगावर बोट फिरवत सांगायला सुरुवात केली. इथून हे गळ्याखालचं हाड, मग खांद्याची वाटी, मग बरगड्या अशा खाली खाली येत जातील, मागे खांद्याचं पातं. हातात एक हाड वर, दोन खाली. ती मधेमधे प्रश्न विचारत होती. दुखेल का? हाडावर जास्त दुखतं, तो म्हणाला. किती दिवस? बरेच. तीळ जाईल का? तो गोंधळला. त्यानं खाली वाकून काखेखाली बघितलं.

“त्याच्या बाजूनं काढायला सांगू,” तो म्हणाला.

“आणि का करायचंय?”

यावर त्यानं शर्टाचं एक बटण लावलं, परत काढलं. “कुणी बघत नाही आता,” तो शेवटी म्हणाला. “गाडी ढकलतो. कुणी वर मान करूनसुद्धा बघत नाही.”

तिला ते कळलं. पहिल्या वेळी, त्या रविवारच्याही आधी, हाच माणूस असाच समोर येऊन बसला असता आणि हेच बोलला असता, तर कदाचित ती हो म्हणाली असती. रेघ सरळ काढायला सांगा, एवढंच म्हणाली असती.

“झालं विचारून?” तिनं विचारलं.

“झालं.”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. करायचं नाही.”

तो तिच्याकडे बघत राहिला. भांडण येईल म्हणून ती तयार होती, शब्द ओठांवर रचून ठेवले होते. पण त्यानं सावकाश बटणं लावली, शेवटचं गळ्याचं सुद्धा, आणि म्हणाला, “बरं.” मग त्यानं चहा टाकला. स्वतःपुरताच टाकला. तिलाही तो तसाच अपेक्षित होता. ती उरलेले डबे पुसायला लागली. तिला वाईटही वाटलं नाही आणि जिंकल्यासारखंही वाटलं नाही. भूक मात्र सडकून लागली होती. त्या दिवशी ती उभ्या उभ्याच जेवली.

डावी बाजू कोरी राहिली. अर्ध्या डॉक्टरनं पुढे दुकान दुसरीकडे हलवलं आणि तो फोटोही गेला.

तिनं नाही म्हटलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी नकाशा गाडी घेऊन शिवणखात्याच्या दाराशी आला तेव्हा तिला वरच्याच गठ्ठ्यात ओले अभ्रे सापडले. तिनं सगळ्यांसमोर त्याला फैलावर घेतलं. हात आहेत का दोऱ्या नुसत्या, ओलं कोरडं कळत नाही का, बुरशी आली तर रुग्णांच्या डोक्याखाली तुमचं पोट देणार आहात का. एरवी तो मान खाली घालून गाडी वळवायचा. आज त्यानं बाह्या वर सारल्या आणि तोंड उघडलं. अभ्रे ओले आहेत कारण तुमच्या खात्यानं पातळ कापड सोडून हे जाडंभरडं घेतलं, वाळतंय कुठं ते, आणि कापडातलं तुला कळतं असं सगळं गाव म्हणतं, मला तर तुझ्या हातचा एकच शर्ट माहीत आहे. ती उसळून उठली. तो गाडी सोडून आत आला. दोघं एकमेकांचं वाक्य तोडत, बोटं नाचवत, जुनंपुराणं उकरून काढत अशी काही तुटून पडली की वरच्या मजल्यावरची नर्स जिन्यात येऊन उभी राहिली. बाकीच्या तिघींनी मशीनं बंद केली आणि चहाचे कप हातात घेऊन खुर्च्या त्यांच्याकडे वळवल्या.